बिऱ्हाडकरू

‘माझ्या घरी एकानं बिऱ्हाड थाटलंय’ अशी त्या गाण्याची सुरुवात होती, आणि हा एकजण म्हणजे नेमका कोण, असं शहरात कुणालाही विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं: बारक्याच्या ताईला विचारा.

बारक्या हा ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या. पुढे त्याची गाणी लोकांच्या कानांत चोवीस तास वाजू लागली तरी ते नाव काही सुटलं नाही. सुटलं ते बाकीचंच बरंच, नोकरी, एक लग्न, दोन-चार जिवाभावाचे मित्र आणि दिवसा शुद्धीत राहण्याची सवय. ताई कॉलेजात साहित्य शिकवत असे. भावाची गाणी पिणाऱ्यांबद्दल आहेत, झोप न येणाऱ्यांबद्दल आहेत, मनानं आजारी असलेल्यांबद्दल आहेत, हे सगळ्यांना कळत होतं. पण ती काय म्हणतात हे उलगडून सांगणारं माणूस हवं होतं, आणि सख्ख्या बहिणीपेक्षा अधिक योग्य माणूस कोण असणार? आधी कॉलेजात, मग वाचनालयांत, मग परिचारिकांच्या प्रशिक्षणात, मग डॉक्टरांच्या मेळाव्यात, असं तिचं ते व्याख्यान फिरत गेलं. बारक्याच्या मैफली रद्द होत, ताईचं व्याख्यान कधी रद्द झालं नाही.

ते व्याख्यान होतंही चांगलं. ती गाण्याची एकेक ओळ घेई. बिऱ्हाडकरू खिडकीकडे पाठ करून बसतो, म्हणजे उजेडाकडे, आशेकडे पाठ फिरवतो. तो गाणाऱ्याच्या शर्टाची बटणं शिवतो, थेट गळ्यापर्यंत लावतो, म्हणजे घुसमट. तो दोरा दातांनी तोडतो, म्हणजे, इथे ती जरा थांबत असे आणि सभागृह तेवढ्यापुरतं पुढे झुकत असे, म्हणजे व्यसन आपली नाती अशीच तोडतं, कात्री न लावता, हळूच, दातांनी. पुढची रांग हटकून डोळे पुसे.

एकदा मात्र एका मुलीनं हात वर केला होता. ‘मॅडम, शेवटच्या कडव्यात तर म्हटलंय, मी प्यालो की तो उठून जातो. मग तो म्हणजे दारू कसा?’

ताईकडे त्यालाही उत्तर होतं. पिणाऱ्याला दारू हेच औषध वाटतं, रोगालाच तो वैद्य समजतो, हीच तर या ओळीतली शोकांतिका आहे, असं ती म्हणाली. मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, पण टाळ्या पडल्या.

गाणं तयार झालं तेव्हा बारक्यानं ते पहिल्यांदा ताईलाच ऐकवलं होतं, तिच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभ्याउभ्या. गाऊन झाल्यावर तो म्हणाला होता, ‘ताई, हे असं आहे बघ.’ ‘काय प्रतिमा आहे रे!’ ताई म्हणाली होती. तो गिटार पिशवीत भरू लागला.

शेवटी एकदाचं त्याला केंद्रात ठेवलं. शहराबाहेर, टेकडीच्या कडेला, पांढऱ्या भिंतींचं आणि फार हळू बोलणाऱ्या माणसांचं ते व्यसनमुक्ती केंद्र होतं. तिथला समुपदेशक ताईचा चाहता निघाला. त्यानं तिच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण मिळवलं आणि रोज सकाळी ते बारक्याला ऐकवायला सुरुवात केली. स्वतःच्याच गाण्याचा अर्थ बहिणीच्या तोंडून ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, मग पुन्हा ऐकायचं. आधी तो चिडला, मग रडला, मग गप्प झाला, आणि एका सकाळी, समुपदेशकानं ताईला फोनवर भरल्या आवाजात सांगितलं, तो आपणहून म्हणाला की ‘कळलं मला. असं कुणी नव्हतंच.’

केंद्रातून सुटल्यावर काही महिने तो ताईकडे राहिला. ताईच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली रस्त्याला लागून दुकान आणि वर घर. मागच्या बाजूची लहान खोली बारक्याला दिली. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी आणि खिडकीपाशी एक खुर्ची. त्याला भूक लागू लागली, गाल भरले. ताईचा नवरा म्हणाला, ‘आता याचं नाव बदलायला हवं. बारक्या म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.’ बारक्या हसला. तो खरंच बरा होत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. गाणी तेवढी सुचत नव्हती. पण त्याबद्दल तो कधी हळहळला नाही. एका शाळेत मुलांना गाणं शिकवायचं काम मिळालं, तिथेच एक बाई भेटल्या, शांत, हसऱ्या, आणि पावसाळा संपता संपता तो आपलं सामान घेऊन त्यांच्याकडे राहायला गेला. जाताना त्यानं खोली झाडून-पुसून लख्ख केली. खुर्ची मात्र जिथे होती तिथेच राहिली, फक्त तिचं तोंड आता आत, खोलीकडे होतं.

त्यानंतर कधीतरी ताईच्या नवऱ्याच्या कोटाचं बटण लागलं.

गोष्ट एवढीशीच होती. बटण तुटून कोटाच्या खिशात पडलेलं होतं, लावून दे म्हणून त्यानं तीन-चारदा सांगितलं होतं आणि ताईनं तितक्याचदा हो म्हटलं होतं. एका सकाळी कोट घालताना तो म्हणाला, ‘अखेर मुहूर्त लागला म्हणायचा!’ ताईनं पाहिलं. बटण लागलं होतं. कोट करडा होता आणि दोरा काळा, आणि टाके इतके घट्ट, इतके एकावर एक घेतलेले, की बटणाखालचं कापड गोळा होऊन वर आलं होतं. ‘मी नाही लावलं,’ ती म्हणाली. ‘मग काय मी लावलं? मला सुईत दोरा ओवता आला असता तर तुझ्याशी लग्न कशाला केलं असतं?’ असं म्हणून तो हसत खाली दुकानात गेला.

मग तिचा स्वेटर घडीतून निघाला तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ती तशी कधीच लावत नसे, गळ्याशी तिला काही सहन होत नसे. मग आठवड्यातून एखादा कपडा असा सापडू लागला, ज्याला काही झालेलं नव्हतं तरी तो शिवलेला होता. उशीचा अभ्रा उघड्या बाजूनं शिवून बंद केलेला. नवऱ्याच्या शर्टाची एक बाही मनगटापाशी आरपार टाके घालून मिटवलेली, आणि ते टाके इतके बारीक की हात घालेपर्यंत कळू नये. हात अडकला तेव्हा नवरा पहिल्यांदाच हसला नाही. बायकोकडे बघून तो हळूच म्हणाला, ‘अगं, तुझी व्याख्यानं जरा कमी कर. थकली आहेस तू.’

सुईदोऱ्याचा डबा तिनं स्वतः उचलून दुकानात नेऊन ठेवला, कुलूप लागणाऱ्या कपाटात. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तो तिला दिसला तो दुपारी, लख्ख उजेडात. कॉलेज लवकर सुटलं होतं. जिन्यावरून येताना खालून दुकानातला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, ‘वरची ओळ वाचा, आता त्याखालची.’ मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते तिनं ढकललं, कारण आतल्या कपाटातून तिला चादरी काढायच्या होत्या. खिडकीपाशी, खिडकीकडे पाठ करून, खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. मागून ऊन येत होतं म्हणून तोंड दिसत नव्हतं, नुसती आकृती, मान खाली घातलेली, मांडीवर काहीतरी पांढरं कापड आणि वर-खाली होणारा एक हात. ताईला आधी भीती वाटली नाही. आधी तिला संकोच वाटला, दुसऱ्याच्या खोलीत दार न वाजवता शिरल्यावर वाटतो तसा. ‘माफ करा हं,’ ती म्हणाली आणि तिनं दार ओढून घेतलं. दाराबाहेर, हात अजून कडीवरच असताना, तिला तो आवाज ऐकू आला. तट्. दातांनी दोरा तुटल्याचा.

मग ती जिना उतरून थेट दुकानात गेली.

तिनं नवऱ्याला सांगितलं. सगळं नीट सांगितलं, गाण्यातला एक शब्दही न वापरता. त्यानं ऐकून घेतलं, वर जाऊन खोली पाहिली, कपाट उघडून पाहिलं, आणि मग तिला खाली नेऊन तपासणीच्या खुर्चीत बसवलं. अंधाऱ्या खोलीत तो तिच्या डोळ्यांत उजेड पाडत राहिला, भिंगामागून भिंग बदलत राहिला. आयुष्यभर लोकांना दिसत नाही ते दिसायला लावणं हाच त्याचा धंदा होता. दिसू नये ते दिसतंय अशी तक्रार त्याच्याकडे पहिल्यांदाच आली असावी. ‘नंबर तोच आहे,’ तो म्हणाला. मग दिवा लावता लावता, तिला जरा बरं वाटावं म्हणून, ‘पण ते मघाचं, माफ करा हं म्हटलंस ते, फार छान आहे. घाल व्याख्यानात.’



त्या महिन्यातलं व्याख्यान शिकाऊ डॉक्टरांसमोर होतं. मोठं सभागृह, गच्च भरलेलं. गाणं वाजलं. ताई उठली, नेहमीप्रमाणे पहिली ओळ घेतली, खिडकीकडे पाठ करून तो बसतो, आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं तर तिच्या तोंडून अर्थ येईना.

‘तो खरंच बसतो,’ ती म्हणाली. ‘मागच्या खोलीत. माझ्या भावाच्या खुर्चीवर. मी त्याला पाहिलंय. याचा काही अर्थ नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला जे सांगत आले ते चूक होतं. माझा भाऊ आम्हाला अर्थ सांगत नव्हता, पत्ता सांगत होता. तो बसतो, तो शिवतो. माझ्याकडे आता एकही पोलकं असं उरलं नाही ज्याच्या बाहीतून हात बाहेर काढता येईल. मला कुणीतरी सांगा काय करायचं ते. तुम्ही डॉक्टर आहात.’

मागे कुठेतरी एक मुलगी हुंदका देऊन रडली. मग पहिल्या रांगेतले विभागप्रमुख उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांच्यामागून सगळं सभागृह उभं राहिलं. त्या टाळ्या थांबेचनात. आभार मानणाऱ्यानं सांगितलं की रुग्णाच्या अंतरंगात इतकं खोल उतरून बोलणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. ताईला शाल घातली गेली. घरी येऊन तिनं ती उलगडायला घेतली तेव्हा ती चारही बाजूंनी शिवलेली होती, पिशवीसारखी, आणि आत शिरायला कुठेच जागा नव्हती.

तोवर ती त्याला रोज बघू लागली होती. तो तिच्याकडे कधी बघत नसे. घरात कुणी आलं तरी हात थांबवत नसे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. याचं बिऱ्हाड म्हणजे एक सुई होती आणि ती तो कुठे खोवून ठेवत असे कोण जाणे. ताईनं त्याच्याशी बोलून पाहिलं, विनवून पाहिलं, एकदा खुर्चीच उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी नवरा ती परत वर घेऊन आला, ‘चांगली खुर्ची कुणी अशी टाकतं का?’

तिनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दारूवर इतकं बोलणाऱ्या बाईला तिची चव ठाऊक नाही, हे तिला स्वतःलाही कधी कधी गमतीचं वाटे. ज्या दुकानात तिला कुणी ओळखणार नाही अशा दुकानात, बसनं दूर जाऊन, ती कापडी पिशवी घेऊन उभी राहिली. कुठली हवी, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा ती गोंधळली आणि म्हणाली, ‘जी लोक घेतात ती द्या.’ दुपारी घरी आल्यावर चहाच्या कपात ओतून, औषध घ्यावं तसं नाक दाबून तिनं ते घशाखाली ढकललं. घसा जळला. डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरा कप. मग ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्याचा हात थांबला. त्यानं मांडीवरचं कापड घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, उठला, आणि तिच्या अंगावरून, तिला जराही धक्का न लावता, जिन्याकडे चालता झाला. फार काळ बसलेला पाहुणा उठावा तसा. घर रिकामं झालं, खरोखर रिकामं. ताई खोलीतल्या जमिनीवर बसली आणि किती तरी दिवसांनी गळ्याची बटणं काढून मोकळा श्वास घेत राहिली. ती मुलगी, हात वर करणारी, तिला आठवली. हुशार होती पोर.

दारू उतरल्यावर तो परत आला.

बारक्याला कळायला वेळ लागला नाही. तो आणि त्या बाई रविवारी जेवायला आले होते. ताईनं दार उघडलं, आणि त्यानं दारातच मान जरा तिरकी करून, कुत्र्यानं हुंगावं तसा, एक श्वास घेतला. जेवण झाल्यावर भावोजींना आणि त्या बाईंना खाली दुकान बघायला पाठवून त्यानं स्वयंपाकघराचं दार लावलं.

‘केव्हापासून?’

‘तो तुझ्या खोलीत आहे, बारक्या,’ ताई म्हणाली. ‘आत्ता पण आहे. जाऊन बघ.’

‘ताई.’

‘जाऊन बघ ना! तुला तर दिसायलाच हवा. तुझाच आहे तो. तू मला सांगितलं होतंस, इथेच, ओट्याशी उभं राहून. मीच बहिरी होते. आता मी तुला सांगतेय, तू तरी म्हण की आहे.’

बारक्याचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या खोलीच्या दिशेला त्यानं पाठ केली होती आणि तो त्या बाजूला वळत नव्हता. अगदी पाणी प्यायलाही तो उलट्या बाजूनं फिरून गेला. ‘असं कुणी नसतं,’ तो म्हणाला. ‘ते रूपक होतं, ताई. तूच तर समजावलंस मला. रोज ऐकायचो मी तुझा आवाज. तुझ्या आवाजावर मी जगलोय.’

‘मी चुकले असेन तर?’

‘तर मी मेलो,’ बारक्या म्हणाला, अगदी साधेपणानं. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे हात गरम होते, जाड झाले होते, बऱ्या माणसाचे हात. ‘माझ्यासाठी तरी तू चुकू नकोस. मी फोन करतो केंद्रात. चांगली माणसं आहेत ती.’

आतून आवाज आला. तट्. बारक्याचे डोळे क्षणभर मिटले आणि हातांवरची त्याची पकड घट्ट झाली. मग त्यानं डोळे उघडून विचारलं, ‘भावोजींना तू सांगतेस की मी सांगू?’

केंद्रातल्या भिंती तशाच पांढऱ्या होत्या आणि माणसं तशीच हळू बोलत होती. समुपदेशकाला ताईला तिथे पाहून इतकं अवघडायला झालं की पहिले काही दिवस तो तिला मॅडमच म्हणत राहिला. पण पद्धत ती पद्धत. रोज सकाळी खुर्च्या गोल मांडल्या जात, खिडक्या उघडल्या जात, आणि लहानशा स्पीकरवर बारक्याचं ते गाणं लागे. मग ताईचा स्वतःचा आवाज, तरणा, ठाम, न अडखळणारा, खिडकीकडे पाठ म्हणजे काय ते सांगू लागे. ताई मांडीवर हात ठेवून ऐके. मग समुपदेशक एकेकाला विचारी, या ओळीतून तुम्हाला काय जाणवतं? एक ट्रकचालक म्हणे, एकटेपणा. एक बँकेतले साहेब म्हणत, आशेकडे फिरवलेली पाठ. सगळी तिचीच वाक्यं, धुऊन धुऊन विटलेली, आता दुसऱ्यांच्या अंगावर.

सुरुवातीला तिची पाळी आली की ती गप्प बसे. मग तिच्या लक्षात आलं की गप्प बसणाऱ्यांना घरी सोडत नाहीत. ‘घुसमट,’ एका सकाळी ती म्हणाली. ‘बटणं म्हणजे घुसमट. असं कुणी नसतं.’

‘छान,’ समुपदेशक म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला. ‘फार छान, ताई.’ तो पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चहाची वेळ झाली म्हणून माणसं उठली.

ताई बसून राहिली. तिच्या शेजारची बाईही बसून होती. बालवाडीत शिकवणारी, साठीच्या पुढची, अंगाभोवती पदर घट्ट गुंडाळून बसणारी; आल्यापासून बैठकीत ती एक अक्षर बोलली नव्हती. आता तिनं इकडे-तिकडे बघितलं, खुर्ची थोडी सरकवली, आणि शेजारणीनं शेजारणीला पाहुण्याबद्दल विचारावं तशा हलक्या आवाजात विचारलं, ‘तुमच्याकडे खरंच बसतो का हो तो?’

ताईनं दाराकडे पाहिलं. समुपदेशक लांब, किटलीपाशी होता.

‘हो,’ ती म्हणाली.

‘बरं आहे तुमचं,’ बाई म्हणाली आणि तिनं सुस्कारा सोडला. ‘आमच्याकडे अजून उभाच असतो.’